घरीच बंद पडणारा लॅपटॉप

आमच्या गोरेगावात जीपस्टँडला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सेनगावच्या जीपची वाट बघणारा प्रत्येक माणूस माझ्या बाकावर टेकतो, माझ्या माठातलं पाणी पितो आणि जाताना मलाच चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून जातो. त्यामुळं माणसांचा मला जरा कंटाळाच आहे. जळबाची सपना मात्र बाकावर कधी बसत नाही. आली की सरळ काउंटरच्या आत येते, मोकळा प्लग शोधते आणि "जय भीम काका, तुमची लाईट वापरते," एवढं बोलून कामाला लागते. परवानगी मागायची पद्धत त्यांच्या घरात नाही. जळबा माझ्या वर्गात होता, तोही माझी पेन्सिल असाच उचलायचा.

सपनानं आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. म्हणजे घराचे नकाशे काढायचे. आजकाल खेड्यातल्या माणसालाही पाया खोदायच्या आधी आपलं घर मोबाइलवर रंगीत बघायचं असतं. गच्चीचा कठडा, नक्षीचं गेट आणि गेटसमोर एक मोटार, जी त्याच्याकडे नसते. ही चित्रं सपना करून देते. त्यासाठी तिनं संभाजीनगरच्या एका कॉलेजच्या पोराकडून जुना गेमिंग लॅपटॉप घेतला होता. त्या पोरानं त्यावर वर्षानुवर्षं बंदुकीचे खेळ खेळून त्याचा पार पिट्टा पाडलेला. पाट्यासारखा जड, उघडला की बटणांखाली लाल दिवे लागणार, पंखे तर असे घोंघावणार की माझं झेरॉक्स मशीन ऐकू येऊ नये. त्याची बॅटरी फुगली म्हणून हिंगोलीत लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या पुनमचंदनं ती काढून टाकली होती. त्या मॉडेलची नवी बॅटरी आता कुठं मिळत नाही. म्हणून लॅपटॉप सदानकदा चार्जरवर चालायचा, आणि नीट चालायचा.

यंदा पुण्यातल्या एका ऑफिसनं सपनाला घरून काम करायला घेतलं. बंगल्यांची चित्रं आणि छोट्या फिल्म बनवणारं ऑफिस. पण आधी दोन महिने पारखून बघणार, मग नोकरी पक्की. तिथल्या पुनम मॅडम रोज काम पाठवायच्या आणि संध्याकाळी मागायच्या. हे जमलं नाही तर सपनाच्या मामानं चाकणला एका कारखान्यात तिच्यासाठी पॅकिंगचं काम बघून ठेवलेलं होतं. तिथं चित्रं काढत नाहीत, खोकी भरतात. सपनाला खोकी भरायची नव्हती. हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मीच मामावर चिडायला लागलो.

आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप बंद पडायला लागला.

बंद पडणं कसं, तर धड सांगून नाही. नकाशा काढताना ठीक. पण नकाशावरून पक्कं चित्र तयार करायला लावलं, ज्याला ते लोक रेंडर म्हणतात, की लॅपटॉप पूर्ण ताकदीनं चालायला लागायचा, पंखे ओरडायचे आणि अर्ध्यात खटकन सगळं काळं. सूचना नाही, काही नाही. केलेलं काम पाण्यात. मॅडमनी कारण विचारलं की सपनाला "माहीत नाही" म्हणावं लागायचं, आणि हे दोन शब्द म्हणताना तिचा चेहरा बघवत नसे.

गावानं नेहमीप्रमाणं निदान केलं. कुणी म्हणालं गरम होतो, कुणी म्हणालं जुना झाला, फेकून द्या. चतुराबाई, म्हणजे तिची आई, म्हणाली, "लई ताण देती तू त्याला. माणूस असता तर कव्हाच पळून गेला असता." सपना सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि एकच म्हणायची, "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशानं काय झालं ते कळत न्हाई."

तिनं तसंच केलं. पहिल्यांदा तो हिंगोलीला नेला. पुनमचंदनं उघडला तर पंख्यातून पिवळा भुगा निघाला. हळदीच्या मोसमात आमच्याकडं कुठलंही मशीन उघडा, पिवळंच निघतं. त्यानं साफ केलं, प्रोसेसरवरचा सुकलेला लेप बदलला आणि समोरच रेंडर लावून बघितलं. दुपारभर चालला, तिकडं हूं की चूं नाही. सपना खुशीत घरी आली. घरी लावला, बंद पडला.

पुन्हा हिंगोली. या वेळी मेमरीच्या पट्ट्या बदलून बघितल्या. दुकानात चालला, घरी आला, बंद. तिसऱ्या वेळी पुनमचंदनं हात जोडले. "बहन, मशीन बराबर हाय. माझ्याकडं बंद पडतच न्हाई तर मी काय दुरुस्त करू? बिघाड दिसला तर काढता येतो ना." त्याचंही खरंच होतं.

मग ती माझ्या दुकानात आली. त्याच चार्जरवर, तेच रेंडर. मी मनातून वाट बघत होतो की आता पडेल, मग पडेल, म्हणजे मलाही दोन शब्द बोलता येतील. पडला नाही. तिनं चार्जर काढला, वायर गुंडाळली आणि शांतपणे म्हणाली, "काका, मशीन चांगलं हाय. घर बिघडलंय."

मी म्हणालो, "मग इथंच बसून काम कर की. माझी काय तकलीफ नाही."

"आन दुकान बंद झाल्यावर? तुमी लग्नाला गेल्यावर?" ती म्हणाली. "मॅडमनी घरून करशील का म्हणून विचारलं, मी व्हय म्हणलं. माझं काम माझ्या घरात व्हायला पायजे." हेकेखोर पोरगी. मला तिचा रागही आला आणि बरंही वाटलं.

याच दिवसांत जळबा घरी आला. तो हळद शिजवायच्या कामातला माहीर माणूस. संक्रांत झाली की शिरड शहापूरकडं जातो आणि मोसमभर तिकडंच शेतातल्या कुकरवर असतो. परतला तेव्हा डोक्यापासून नखापर्यंत पिवळा होता. आणि तो आला त्या दिवसापासून लॅपटॉप बंद पडायचा थांबला. ना दुरुस्ती, ना काही. रेंडर लावलं की पूर्ण.

त्यांच्या घरांच्या ओळीतल्या बाया म्हणाल्या, बापाचा पायगुण. जळबाही मिशीला पीळ देत फिरायला लागला. दुसरी कुणी असती तर सुटलो म्हणून गप बसली असती. सपना उलट जास्तच बेचैन झाली. मी विचारलं, "अगं, आता चालतोय ना? मग तोंड काहून पाडलंस?"

"काहून चालून राहिला ते माहीत न्हाई मला," ती म्हणाली. "उद्या बाबा पुन्हा गेले आन बंद पडला, तर मी मॅडमला काय सांगू? पायगुण गेला म्हणून?"

आणि तिनं लॅपटॉप सोडून बापाची तपासणी सुरू केली. बाप घरात आल्यानं जे जे बदललं ते एकेक करून बंद करायचं. पहिल्या दिवशी त्याचा मोबाइल चार्जिंगला लावायचा नाही. लॅपटॉप चालला. दुसऱ्या दिवशी त्याचा रेडिओ बंद. चालला. मग त्याची बसायची खाट बोर्डापासून दूर. चालला. जळबा माझ्याकडं येऊन गाऱ्हाणं सांगायचा, "व्यंकट, पोरगी मला माझ्याच घरात पाव्हणा करून राहिली. आज म्हणती, सकाळची बादली ओतू नका."

"कसली बादली?" मी विचारलं.

"सळईवरची."

त्या दिवशी बादली ओतली नाही आणि दुपारी लॅपटॉप बंद पडला. सपनानं जळबाला हाक मारली, बादली ओतायला लावली, थोडं थांबून पुन्हा रेंडर लावलं. चाललं. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करून बघितलं आणि हेच झालं. मग ती माझ्या दुकानात आली आणि पहिल्यांदाच बाकावर बसली. म्हणाली, "सापडलं."

सळईची गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे. विजेला दोन तारा लागतात, एक आणणारी आणि एक परत नेणारी. त्या परत नेणारीला न्यूट्रल म्हणतात. मागं एका वादळात जळबाच्या ओळीतली न्यूट्रलची तार खांबावरून तुटली आणि ओळ अंधारात गेली. तेव्हा जळबानं घरामागं लोखंडी सळई जमिनीत ठोकली, परत जाणारी वायर तिला बांधली आणि जमिनीकडूनच न्यूट्रलचं काम करून घेतलं. बल्ब लागला. मग ओळीतल्या प्रत्येक घरानं त्याच्याकडूनच सळई ठोकून घेतली. कोरड्या जमिनीतून वीज नीट जात नाही, म्हणून रोज सकाळी सळईवर बादलीभर पाणी ओतायचं. तारेची तक्रार कुणी केलीच नाही, कारण उजेड होता. जळबानं लाईट आणली असं अजून म्हणतात, आणि जळबाला ते ऐकायला आवडतं.

तो हळदीला गेला की सळईला पाणी कोण घालणार? बल्ब थोडा मंद व्हायचा, कुणाच्या लक्षात यायचं नाही. साधं काम होतं तोवर लॅपटॉपही भागवून घ्यायचा. पण पुण्याची मोठमोठी रेंडर यायला लागली, तेवढी वीज कोरड्या मातीतून मिळेना, आणि बॅटरी नसल्यामुळं तो जागच्या जागी झोपायचा.

मी जळबाच्या घरी गेलो तेव्हा बापलेकीची जुंपलेली होती. सपनाच्या हातात टेस्टर होता. तिनं तो सळईला लावला, आत दिवा लागला. "बघा. हिच्यातून करंट जातो. आजूबाजूच्या ओल्या मातीत पण उतरतो. आन तुमी हातानं पाणी ओतता."

"इतकी वरसं ओतून राहिलो. मेलो का?"

"झिणझिण्या येतात का न्हाई?"

चुलीपाशी बसलेली चतुराबाई म्हणाली, "मला येतात. तिथं भांडे घासताना. मला वाटलं बीपी हाय."

ती बाई किती दिवस ओल्या जमिनीवर अनवाणी बसून भांडी घासत होती, आणि आम्ही सगळे तिच्या घरी चहा पिऊन येत होतो.

सपना म्हणाली, "वायरमनला बोलवा. तार जोडून घेऊ. सळई काढा."

"न्हाई," जळबा म्हणाला. "वायरमन आला की सगळ्या ओळीतल्या सळया बघंल. सगळ्यांला दंड लावंल. मी ठोकून दिल्या हायत त्या. माझ्यापायी लोकांला भोगायला लावू? आन याच सळईच्या उजेडात तू धावीचा अभ्यास केला, ते इसरू नको."

"इसरले न्हाई बाबा."

"मंग सळईचं नाव काढू नको."

पुढं तो ऐकेचना. मी बोललो तर मलाच म्हणाला, "तुह्या दुकानात दोन तारा हायत. तू बोलू नको."

इकडं दोन महिने संपत आले. बंद पडण्याच्या तक्रारीमुळं पुनम मॅडमनी शेवटची परीक्षा ठेवली. शनिवारी दुपारी, सगळ्यांसमोर, एक मोठी फिल्म रेंडर करायची. सपनाचा पडदा त्यांना पुण्यात दिसणार. पूर्ण झाली तर नोकरी. जिथून रोज काम करणार तिथूनच दाखवायचं, ही अट. मी गुपचूप म्हणालो, "माझ्या दुकानातून दाखव. त्यांना काय कळतंय?"

"मला कळतं की," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी तिनं मेन स्विच बंद करून सळईच्या भोवताली खोल खणलं. मीठ, कोळसा आणि पाणी घालून जमीन चांगली मुरवली. चतुराबाईला भांड्यांसकट शेजारी पाठवलं. सळईभोवती खाटा आडव्या लावल्या, म्हणजे कुणी लेकरू तिकडं जाऊ नये. कूलर, पंखा, सगळं बंद केलं, फक्त एक बल्ब ठेवला, वीज किती येतेय ते कळावं म्हणून. मला बल्बकडं बघत बसायचं काम दिलं. जळबाला बाहेर खाटांपाशी बसवलं आणि त्याला बजावलं, "बाबा, काही झालं तरी चालू लाईटवर पाणी ओतायचं न्हाई. माझी शपथ हाय."

जळबानं मान हलवली. ती हो होती का नाही, ते मला कळलं नाही.

रेंडर सुरू झालं. लॅपटॉप घोंघावायला लागला. पंखा नसल्यानं आम्ही दोघं घामानं निथळत होतो. सपना मोबाइलवर हळूहळू मॅडमशी बोलत होती, त्यांना पडद्यावर बंगला दिसत होता, एकेक खोली भरत चालली होती. ऊन चढलं. अर्ध्याच्या वर झालं. मग आणखी. मला वाटलं, झालंच आता.

तेवढ्यात बल्ब पिवळा पडायला लागला. मी खुणेनं सांगितलं. सपनानं बघितलं, पडद्याकडं बघितलं. थोडंसंच राहिलं होतं, अगदी थोडंसं. मेन बंद केल्याशिवाय पाणी घालता येत नव्हतं आणि मेन बंद केला की सगळं संपणार होतं. ती मुठी आवळून बसली. बल्ब आणखी उतरला.

खिडकीतून जळबालाही तो बल्ब दिसत होता. त्याचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळणार? मी बघितलं, तो उठला, बादली उचलली, एक खाट बाजूला सारली आणि ओल्या मातीत पाय टाकायला निघाला. अनवाणी.

मी ओरडलो असतो, पण माझ्या तोंडातून आवाज फुटायच्या आत सपना उठून दारापाशी पोचली होती. तिनं एका झटक्यात मेन स्विच खाली ओढला.

लॅपटॉप बंद. बल्ब बंद. घरात एकदम शांतता. बाहेरून जळबाचा आवाज आला, "पुन्हा गेलं का गं?"

"गेलं न्हाई," सपना म्हणाली. "मी घालवलं."

तो बादली हातात धरून तसाच उभा राहिला. आधी काही कळलं नाही त्याला. मग त्यानं आपल्या पायाकडं बघितलं, सळईकडं बघितलं, दारातल्या लेकीकडं बघितलं. सपनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मला रडू आलं, लपवून काय करायचं.

मोबाइलवर मॅडम "हॅलो, हॅलो" करत होत्या. सपनानं फोन उचलला, आवाज स्पीकरवर होता. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा बंद पडला ना?"

"न्हाई मॅडम. बंद मी केला." आणि तिनं सगळं सांगितलं. तुटलेली तार, सळई, माती, बाप हळदीला गेला की काय होतं, आज शेवटी काय झालं. रडत सांगितलं, पण एकही गोष्ट सोडली नाही आणि कुणावर ढकललंही नाही.

मग मॅडम म्हणाल्या, "वडील ठीक आहेत ना?"

"व्हय मॅडम."

"मग ऐका. तुमचं काम मला आवडतं, ते मी आधीच सांगितलंय. मशीन का बंद पडतं हे माहीत नव्हतं, म्हणून भरवसा नव्हता. आता कारण कळलं. तार जोडली जाणार असेल तर मी जागा धरून ठेवते. पण तसं मला नक्की सांगा. हे काम कधी सुरू होणार?"

खोटं सपना बोलणार नव्हती आणि खरं तिच्या हातात नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? मला जळबा माहीत होता.

तेव्हाच घरामागून पहिला घाव ऐकू आला. मग दुसरा. मी खिडकीतून बघितलं. जळबानं सळईची वायर उपटून फेकली होती आणि पहार घालून तो सळई उखडायला लागला होता. शेजारचे लोक कुंपणापाशी गोळा झाले होते. कुणीतरी म्हणालं, "जळबा, आरं लाईट?" त्यानं मान वर न करता सांगितलं, "वायरमनला फोन लावा. म्हणावं, जळबानं ठोकल्यात सगळ्या. दंड त्याच्या नावानं लिही."

"हॅलो," मॅडम म्हणाल्या. "कसला आवाज येतोय?"

सपनानं ओढणीनं तोंड पुसलं.

"काम सुरू झालं, मॅडम," ती म्हणाली. "माझे वडील करून राहिलेत."